आधी टेकड्या, मग घाट: प्रोसेक्को आणि डोलोमाइटमधील सायकल सहलीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील पन्नाशीच्या आसपासचे एक दांपत्य रोड बाईकवर नियमित फिरते. पती बहुतेक रविवारी सिंहगडाचा चढ करतात. पत्नी सपाटीवर ऐंशी-नव्वद किलोमीटर सहज चालवतात, पण चढावर मागे पडतात. दोघांना इटलीत मार्गदर्शकासह आठवडाभराची सायकल सहल करायची आहे आणि त्यात द्राक्षमळे हवेत तसे मोठे घाटही हवेत. त्यांनी पसंत केलेल्या कार्यक्रमात व्हेनेतो प्रांतातील त्रेव्हीझो शहरापासून सुरुवात आहे, पहिले तीन दिवस कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने यांमधील प्रोसेक्को वाइनच्या टेकड्या आहेत आणि नंतरचे तीन दिवस डोलोमाइट पर्वतातील घाट आहेत. हे झेपेल का, तयारी कशी करावी, कोणत्या महिन्यात जावे, सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि वाइन व सायकल यांची सांगड कशी घालावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. या भागात गटांबरोबर मार्गदर्शक म्हणून काम केले असल्यामुळे मी थोडे विस्ताराने उत्तर देतो.

झेपेल, परंतु एका अटीवर. या सहलीत माणसे घाटांत मोडत नाहीत, टेकड्यांत मोडतात. कार्यक्रमपत्रिका हाती आली की सर्वांची नजर 2200 मीटरच्या खिंडींवर जाते आणि पहिले तीन दिवस ‘वाइनचे’ म्हणून हलके समजले जातात. प्रत्यक्षात घाटाचा चढ लांब असला तरी एकसारखा असतो. एकदा योग्य गिअर आणि श्वासाची लय सापडली की पाय आपले काम करत राहतात. प्रोसेक्कोच्या टेकड्यांत ती लय लागतच नाही. पाचशे मीटर चढ, सहाशे मीटर उतार, एक काटकोनी वळण, लगेच 14 टक्क्यांची (म्हणजे शंभर मीटरला चौदा मीटर वर नेणारी) भिंत, पुन्हा उतार, असे दिवसभर चालते. प्रत्येक चढ छोटा असल्याने तो जोर लावून संपवण्याचा मोह होतो आणि दर वेळी स्नायूंवर असा ताण येतो जो त्या क्षणी जाणवत नाही. सत्तर किलोमीटरमध्ये दीड हजार मीटर चढ अशा तुकड्यातुकड्यांनी जमा होतो. चौथ्या दिवशी खऱ्या घाटाच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर पाय भरून आलेले असतात, आणि मग दोष घाटाला दिला जातो.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत हात आखडता घ्यावा, हा माझा पहिला सल्ला. गटात कोणी ना कोणी पुढे उसळतोच. त्याला जाऊ द्यावे. गंमत म्हणजे जिथून ही सहल सुरू होते त्या त्रेव्हीझोतच पिनारेल्लो ही सायकल कंपनी जन्माला आली, आणि तिचे संस्थापक जोव्हान्नी पिनारेल्लो 1951 च्या जिरो दितालिया या इटलीच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत सर्वांत शेवटच्या स्थानावर आले होते. शेवटच्या स्पर्धकाला तेव्हा काळी जर्सी मिळत असे. पुढच्या वर्षी संघाने त्यांना जागा सोडण्याबद्दल जे पैसे दिले, त्या भांडवलावर त्यांनी दुकान थाटले.

टेकड्यांचे स्वरूप समजून घेतले तर त्या इतक्या दमवतात का हेही कळते. डोलोमाइटच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, उंच कण्यांच्या या रांगा एकामागोमाग एक उभ्या आहेत. रस्ता रांगेला समांतर असेपर्यंत सायकल सुखाने चालते; एका रांगेतून दुसरीत जायचे म्हटले की थेट कणा ओलांडावा लागतो. उतार इतके उभे आहेत की तिथे यंत्र चालत नाही. दगडी बांध न घालता गवताने धरून ठेवलेल्या मातीच्या अरुंद पायऱ्यांवर वेली लावतात आणि छाटणीपासून तोडणीपर्यंतची बहुतेक कामे हातांनी करतात. ‘ग्लेरा’ जातीच्या द्राक्षांपासून इथली प्रोसेक्को बनते. या सांस्कृतिक भूदृश्याला 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कोनेल्यानोची वाइन-शिक्षणाची शाळा 1876 ची आहे आणि तिथून वाल्दोब्बियादेनेपर्यंतचा वाइन-मार्ग 1966 मध्ये आखला गेला. तुमच्या कार्यक्रमातील बराच भाग याच मार्गाच्या आसपास फिरतो. नाशिककडचे मळे पाहिलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल: आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, इथे ती सप्टेंबरमध्ये असते, आणि त्या दिवसांत अरुंद रस्त्यांवर द्राक्षांच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सतत समोर येतात. सांडलेल्या रसाने आणि चिखलाने वळणे निसरडी होतात, हे उतारावर ध्यानात ठेवावे.

या भागातील एक चढ तुमच्या यादीत नक्की असेल: सान पिएत्रो दि फेलेत्तोजवळचा ‘मुरो दि का देल पोज्जो’. मुरो म्हणजे भिंत. लांबी किलोमीटरभराहून किंचित जास्त, सरासरी चढ 12 टक्क्यांच्या पुढे, आणि सर्वांत उभा भाग 19 टक्के. जिरोची शर्यत इथून अनेकदा गेली आहे, त्यामुळे रस्त्यावर खेळाडूंची रंगवलेली नावे दिसतात. ही भिंत चढण्याची एक रीत आहे. पायथ्याशी येतानाच सर्वांत हलका गिअर टाकून ठेवावा, कारण ऐन चढावर जोर लावताना गिअर बदलला तर चेन अडकण्याची शक्यता असते. सीटवर पुढे सरकून बसावे, कोपर किंचित वाकवावेत, हँडलबार ओढू नये. उभे राहून पेडल मारताना वजन फार पुढे गेले की मागचे चाक, विशेषतः ओल्या रस्त्यावर, जागच्या जागी फिरते आणि बुटाखालचे, पेडलला अडकणारे क्लीट सुटायच्या आत माणूस आडवा होतो. दम संपला तर उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. वर पोचल्यावर गावातले जुने चर्च जरूर पाहावे. बाहेरच्या भिंतीवर रविवारच्या ख्रिस्ताचे भित्तिचित्र आहे. रविवारी जी कामे करू नयेत त्यांची अवजारे त्याच्या अंगाभोवती रेखाटली आहेत. सायकल त्या काळी नव्हती, हे आपले नशीब.

टेकड्या आणि पर्वत यांना जोडणारा दुवा म्हणजे सान बोल्दोची खिंड. माझ्या मते या संपूर्ण सहलीतील सर्वांत विलक्षण रस्ता हाच, आणि अनेक कंपन्या सामानाची गाडी वेगळ्या वाटेने न्यावी लागते म्हणून तो टाळतात. तुमच्या कार्यक्रमात तो आहे याचा मला आनंद झाला. पहिल्या महायुद्धात प्यावे नदीवरच्या आघाडीला रसद पोचवण्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने 1918 च्या पूर्वार्धात हा रस्ता अत्यंत घाईने बांधून घेतला, म्हणून त्याला आजही ‘शंभर दिवसांचा रस्ता’ म्हणतात. खिंडीची उंची जेमतेम 706 मीटर आहे. पण शेवटच्या टप्प्यात कडा इतका सरळ आहे की वळणे घ्यायला जागाच नव्हती, म्हणून वळणेच कड्याच्या पोटात, बोगद्यांत कोरली. एका बोगद्यातून बाहेर पडावे, उजेडात थोडे चढावे, की पुढच्या बोगद्यात रस्ता पुन्हा उलट फिरतो. रस्ता एका गाडीपुरताच असल्याने दोन्ही टोकांना सिग्नल आहेत. सिग्नलची वेळ मोटारींच्या हिशेबाने ठेवलेली असते. सायकलस्वार हिरव्या दिव्यावर निघाला तरी वर पोचेपर्यंत समोरून गाड्या सुटू शकतात. म्हणून मार्गदर्शक गटाला लहान तुकड्यांत सोडतो, प्रत्येकाने पुढचा व मागचा दिवा लावलेला असतो आणि अंगात परावर्तक जाकीट असते. बोगद्यात असे जाकीट घालणे इटलीच्या वाहतूक नियमांनुसार बंधनकारकच आहे. समोरून गाडी आली तर कडेला पाय टेकून थांबावे. बहुतेक चालक सवयीचे असतात आणि अगदी हळू येतात.

खिंडीपलीकडे बेल्लुनोचे खोरे लागते आणि उत्तरेकडे करड्या-पांढऱ्या डोलोमाइटच्या भिंती दिसू लागतात. याच खोऱ्याच्या पश्चिम टोकाला फेल्त्रेजवळ क्रोचे दाउने नावाची छोटी खिंड आहे. 1927 च्या नोव्हेंबरमध्ये एका शर्यतीत तूल्लिओ कांपान्योलो या तरुणाला गोठलेल्या बोटांनी चाकाचे नट सोडवता येईनात, आणि त्यातूनच हाताने झटक्यात उघडणाऱ्या क्विक रिलीझची कल्पना सुचली, असे सांगतात. ती घटना अगदी तशीच घडली का, यावर इतिहासकार शंका घेतात. एवढे खरे की 1933 मध्ये विचेन्झा येथे त्यांची कंपनी उभी राहिली आणि खिंडीत आज त्या प्रसंगाचे स्मारक आहे.

आता मोठे घाट. तुमच्या कार्यक्रमात जाऊ ही खिंड (2236 मीटर) सेल्वा दि कादोरेच्या बाजूने आहे. जवळजवळ 10 किलोमीटर लांबी, 9 टक्क्यांहून थोडी जास्त सरासरी आणि 29 क्रमांकित वळणे. विसावा घ्यावा असा सपाट तुकडा नाही. सुरुवातीलाच चढ उभा होतो, आणि तिथेच अर्धे लोक घाई करून बसतात. गणित मांडून पाहू. स्वार, सायकल, पाणी आणि कपडे मिळून वजन 86 किलो धरले आणि माणूस सतत 180 वॅट शक्ती लावू शकतो असे मानले, तर त्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास राहील आणि माथा गाठायला सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. पुढे 34 दात्यांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे 34 दात्यांची सर्वांत मोठी चकती असेल, तर या वेगाला पेडलचे मिनिटाला साधारण 60 फेरे पडतात, जे चालून जाते. तीच मागची चकती 28 ची असेल तर फेरे 50 वर येतात. गुडघ्यांवर येणारा भार त्या प्रमाणात वाढतो आणि सव्वा तास तसा भार वाहिला की दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही जिवावर येते. म्हणून सायकल भाड्याने घ्या किंवा स्वतःची न्या, 34 बाय 34 पेक्षा जड गिअर घेऊन डोलोमाइटमध्ये जाऊ नका. पुण्यातील सायकल दुकानात हा बदल करून घेताना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का, हे मात्र विचारून घ्यावे.

जाऊनंतर कोर्तिना, तिथून फाल्झारेगो (2105 मीटर) आणि लगेच वाल्पारोला (2192 मीटर) ओलांडून आल्ता बादियाच्या खोऱ्यात उतरायचे, असा क्रम आहे. फाल्झारेगोचा चढ लांब आहे, पण सहा टक्क्यांच्या आसपासचा, म्हणजे जाऊच्या तुलनेत सौम्य. माथ्यावर लागाझुओईचा डोंगर आहे; महायुद्धात दोन्ही सैन्यांनी त्याच्या पोटात भुयारे खणून एकमेकांच्या चौक्या सुरुंगांनी उडवल्या. वाल्पारोलाजवळच्या जुन्या ऑस्ट्रियन किल्ल्यात संग्रहालय आहे. तिथे अर्धा तास द्यावा.

शेवटच्या दिवसाचे सेल्लारोंदा मला या सर्वांत आवडते. सेल्ला पर्वताच्या गडाभोवती कांपोलोंगो (1875 मीटर), पोर्दोई (2239), सेल्ला (सुमारे 2240) आणि गार्देना (2121) या चार खिंडींची ही प्रदक्षिणा साधारण 55 किलोमीटरची, आणि चढ पावणेदोन हजार मीटरच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण एकही चढ दहा किलोमीटरचा नाही आणि प्रत्येकानंतर लांब उतार मिळतो. पोर्दोईवर अराब्बाच्या बाजूने 33 वळणे आहेत, प्रत्येकावर क्रमांकाची पाटी, आणि चढ इतका समतोल की एकाच गिअरमध्ये गप्पा मारत चढता येते. वर इटलीचे महान सायकलपटू फाउस्तो कोप्पी यांचे स्मारक आहे. कोर्व्हाराहून निघून हा क्रम पाळावा, कारण सर्वांत सोपा गार्देनाचा चढ शेवटी येतो. दरवर्षी उन्हाळ्यात एक-दोन दिवस हे रस्ते मोटारींसाठी बंद करून सायकलींना मोकळे केले जातात. ऐकायला छान वाटते, परंतु हजारो स्वारांमध्ये उतारावर जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो दिवस टाळून सकाळी सातला निघावे. ‘मराटोना दलेस डोलोमाइट्स’ ही प्रसिद्ध स्पर्धा जुलैच्या पहिल्या रविवारी असते. तिचा मोठा मार्ग 138 किलोमीटरचा आणि 4230 मीटर चढाचा आहे. त्या आठवड्यात खोऱ्यातील हॉटेले खूप आधीच भरलेली असतात.

तयारीबद्दल. सिंहगडाचा रस्ता उत्तम आहे, कारण तो आठ-नऊ किलोमीटरचा आणि पुरेसा उभा आहे, पण एकदाच चढून चहा-भजी खाऊन परतणे ही डोलोमाइटची तयारी नव्हे. निघण्याआधीच्या तीन महिन्यांत, आठवड्यातून एकदा, सिंहगड सलग दोनदा आणि पुढे तीनदा चढावा. पहिला चढ मुद्दाम हळू, बोलता येईल इतक्या श्वासावर, आणि शेवटचाही त्याच वेळेत. वेळ घसरली तर पहिला चढ जास्त वेगाने झाला असे समजावे. शक्य झाले तर एकदा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत जावे. सुमारे 40 किलोमीटर आणि तेराशे मीटरचा तो चढ फार उभा नाही, पण दोन-तीन तास न थांबता एकसारखा जोर लावणे म्हणजे काय हे तिथे अंगी मुरते. टेकड्यांसाठी वेगळा सराव हवा: जवळचा कोणताही एखादा मिनिटाचा उभा चढ निवडून तो सीटवर बसूनच पुन्हा पुन्हा करावा. पण खरी मोलाची गोष्ट म्हणजे लागोपाठ दोन दिवस सायकल चालवणे. शनिवारी चार तास आणि रविवारी पुन्हा तीन तास. आपल्याकडे बहुतेक जण रविवारी शर्थ करतात आणि सोमवारी कार्यालयात पाय पसरतात, त्यामुळे थकलेल्या पायांनी सुरुवात कशी करायची हे शरीराला माहीतच नसते.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्यावी, आणि आपल्यासाठी त्याची दोन खास कारणे आहेत. इटलीत वाहने उजव्या बाजूने चालतात. तासाभरात सवय होते. धोका असतो तो कॉफीसाठी थांबून पुन्हा निघतानाच्या पहिल्या मिनिटात, रस्ता रिकामा असताना. तेव्हा अंग आपोआप डावीकडे वळते. माझ्या गटातील भारतीय आणि ब्रिटिश स्वारांना मी दर थांब्यानंतर मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायला लावतो. त्यांना हसू येते, पण ते लक्षात राहते. दुसरे कारण ब्रेकचे. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, इटलीतील भाड्याच्या सायकलींना तो सामान्यतः डाव्या हाताला असतो. घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला तर मागचे नव्हे, पुढचे चाक अडते. सायकल ताब्यात घेताना दुकानातच दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत आणि हवे असल्यास अदलाबदल करून मागावी. हायड्रॉलिक डिस्क असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून आदल्या आठवड्यातच लिहून कळवावे. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे, नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडे ठेवायची. उजवीकडचे वळण आतल्या बाजूने अरुंद आणि उभे असते. डावीकडचे रुंद असते, पण ते कापण्याच्या नादात समोरून येणाऱ्या मोटारसायकलीच्या वाटेत जायला होते. गावाबाहेर एकामागे एक चालवण्याचा नियम आहे. शेजारी शेजारी गप्पा मारायची हौस गावात भागवावी.

सायकल इथून न्यावी का? माझे मत: नेऊ नये, जर कंपनी चांगली कार्बन सायकल, डिस्क ब्रेक आणि 34 बाय 34 गिअर देत असेल तर. विमानाने सायकलची पेटी नेणे, मधल्या विमानतळावर ती चुकण्याची धास्ती आणि परतीच्या वेळी पुन्हा बांधाबांध, यांत सुट्टीचे दोन दिवस जातात. स्वतःचे पेडल, शूज आणि सीट मात्र न्यावेत. सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचे अंतर आणि दोहोंच्या उंचीतील फरक ही तीन मापे मिलिमीटरमध्ये मोजून आधीच पाठवावीत. फ्रेमचा ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ एवढ्यावर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो.

पत्नी चढावर मागे पडतात, याचे उत्तर त्यांना जास्त ताणून घेणे हे नव्हे. इथे सहाय्यक मोटर असलेल्या रोड ई-बाईक सर्रास मिळतात. युरोपच्या नियमांनुसार मोटर 250 वॅटची असते आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबते, त्यामुळे सपाटीवर त्या स्वतःच्या जोरावर चालवतील आणि जाऊच्या चढावर दोघे बरोबर वर पोचतील. अनेक पुरुष हे आपल्या बायकोला सुचवायला कचरतात आणि ती विचारायला कचरते. दोघांनी घरीच बोलून ठरवावे. एकच सावधानता: ई-बाईक जड असते, उतारावर थांबायला जास्त अंतर घेते.

कंपनीची निवड करताना खिंडींची नावे वाचू नयेत. प्रत्येक दिवसाचे अंतर नव्हे तर चढ मीटरमध्ये मागावा. गाडी गटाच्या मागे दिवसभर असते की फक्त सामान घेऊन पुढच्या हॉटेलात जाऊन थांबते, हे विचारावे. ‘सपोर्ट व्हॅन’ या शब्दात दोन्ही बसते. एका मार्गदर्शकामागे आठपेक्षा जास्त स्वार असतील तर पुढचा आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर पडते आणि मागच्याला दिवसभर कोणी दिसत नाही. दिवसाचा मोठा आणि छोटा असे दोन मार्ग आहेत का, ते विचारावे. चांगला मार्गदर्शक पहिल्या दिवशी कोणाचाही वेग वाढू देत नाही, सकाळी नकाशा समोर ठेवून पाण्याचे नळ कुठे आहेत ते सांगतो, आणि माथ्यावर सर्व जण जमल्याशिवाय, अंगात जाकीट चढल्याशिवाय उतरू देत नाही. ‘आक्वा नोन पोताबिले’ असे लिहिलेल्या नळाचे पाणी पिऊ नये, एवढे मात्र स्वतः ओळखायला शिकावे.

महिना सप्टेंबरचा, पहिले तीन आठवडे. जूनचा उत्तरार्धही चांगला, दिवस मोठा असतो, पण उंच खिंडींवर कधी बर्फ पडू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात, आणि 15 ऑगस्टच्या सुट्टीच्या आसपास संपूर्ण इटली डोंगरात येते. मोटारसायकलींच्या आवाजात पोर्दोई चढणे मला तरी आवडत नाही. सप्टेंबरमध्ये खाली टेकड्यांत 25 अंश असताना सकाळी खिंडीवर 5 अंश असू शकतात. पुणेकराला चढावर थंडी वाजत नाही, म्हणून जाकीट हॉटेलात राहते. पंधरा किलोमीटरच्या उतारावर घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की बोटे आखडतात आणि ब्रेक दाबता येत नाही. पातळ वाराविरोधी जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि बाह्यांचे वॉर्मर खिशातच असावेत.

वाइन संध्याकाळी. इटलीत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि सायकलस्वारही तिच्या कक्षेत येतो. कायदा बाजूला ठेवला तरी पाच तास घाम गाळलेल्या शरीराला दुपारचा एक पेलाही वेगळाच लागतो, आणि पुढे 14 टक्क्यांचा उतार असतो. चांगल्या कार्यक्रमात वाइनरीची भेट दिवसाच्या शेवटी, हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिथे बाटल्यांवरचे शब्द फसवतात: ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते आणि ‘ड्राय’ त्याहूनही गोड. कार्तित्झे या वाल्दोब्बियादेनेजवळच्या छोट्याशा उंच पट्ट्यातील वाइन महाग आणि बहुधा गोडसर. तळाशी साका राहू दिलेली ‘कोल फोंदो’ कोरडी, किंचित गढूळ आणि मला जेवणाबरोबर अधिक आवडते. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. मळ्यात फिरणे आणि यजमानाशी बोलणे यासाठीही ती भेट घेण्यासारखी आहे.

शाकाहारी असाल तर कळवून ठेवा, पण ‘मांस नको’ एवढे पुरत नाही. रिझोत्तोचा रस्सा मांसाचा असू शकतो आणि परमेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असते. चालत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. कोर्तिनाकडे बीट भरून वर खसखस टाकलेला ‘कासुन्झिएई’ हा पास्ता, आणि सगळीकडे मिळणारा मक्याचा घट्ट पोलेंता, यांवर दिवस निघतो. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळेसाठी खिशात काहीतरी असू द्यावे. सहाव्या दिवसापर्यंत जेल आणि एनर्जी बार नकोसे होतात. घरून नेलेले शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की तेव्हा पूर्ण गटात वाटल्या जातात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; सप्टेंबरसाठी मे-जूनमध्ये भेटीची वेळ घ्यावी, उन्हाळ्यात गर्दी असते. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नये. अनेक प्रवासी विम्यांत साहसी खेळांचा अपवाद असतो आणि डोंगरी रस्त्यावरील सायकलिंग त्यात मोडते का हे मोघम ठेवलेले असते. हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च, भाड्याच्या सायकलचे नुकसान आणि ई-बाईक या तिन्हींबद्दल विमा कंपनीकडून ईमेलवर स्पष्ट उत्तर घ्यावे आणि त्याची प्रत मार्गदर्शकाकडे देऊन ठेवावी. आपत्कालीन क्रमांक 112 आहे आणि फोन बहुधा मार्गदर्शकच लावतो.